डच शब्दांची टांकसाळ

हॉलंडमधल्या एखाद्या शाळेतल्या मुलाचे वेळापत्रक हाती आले तर ते जरा निरखून पाहा. पहिला तास 'विस्कुंदे', दुसरा 'नातूरकुंदे', मग मधली सुट्टी, त्यानंतर 'स्खैकुंदे' आणि दुपारी 'आर्दरैक्सकुंदे'. भाषा येत नसली तरी एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. प्रत्येक विषयाच्या नावाला एकच शेपटी आहे: कुंदे. (शेवटचा 'ए' अगदी ओझरता म्हणायचा, आपण बोलताना 'घर' मधला शेवटचा 'अ' गिळतो जवळजवळ तसा.) गणित, पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल ही सगळी एका गोत्राची भावंडे आहेत असे त्या मुलाला कोणी सांगावे लागत नाही; ती नावेच सांगतात.

मी इतिहासाचा माणूस, भाषाशास्त्राचा नव्हे. डच भाषेच्या वाटेला मी गेलो तो वेंगुर्ल्यामुळे. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वलंदेजांची वखार होती, आणि वलंदेज म्हणजे हेच डच लोक. त्यांच्याविषयी काही वाचावे म्हणून एक जाडजूड शब्दकोश घेऊन बसलो, आणि वखार राहिली बाजूला, शब्दांतच अडकलो. ताकाला गेलो आणि म्हैस पाहत बसलो म्हणा ना! आज त्या म्हशीविषयीच आपल्याशी बोलायचे आहे.

हे 'कुंदे' म्हणजे काय? 'कुनेन' हे डच क्रियापद आहे. आज त्याचा अर्थ 'शकणे, करता येणे' असा आहे. पण मुळात 'एखादी गोष्ट येणे, तिची जाण असणे' हा अर्थ. 'मला पोहता येते' यातले 'येते' आहे ना, तेच ते. त्यापासून कुंदे, म्हणजे जाण, जाणतेपण, विद्या. आता गंमत अशी की हा शब्द आपल्याला परका वाटला तरी परका नाही. संस्कृतातला जिथे 'ज' असतो तिथे पुष्कळदा डचमध्ये 'क' सापडतो. आपल्या 'जानु'ला, म्हणजे गुडघ्याला, डच माणूस 'क्नी' म्हणतो. त्याच हिशेबाने संस्कृत 'ज्ञा' धातू आणि डच 'कुनेन' ही एकाच मुळाची दोन रोपे आहेत, आणि मराठीतले 'जाणणे' हे त्याच कुळातले. तेव्हा 'कुंदे'ला मराठीत 'जाण' म्हटले तर ते केवळ भाषांतर होत नाही, जुने नाते उघड होते.

'विस्कुंदे' म्हणजे गणित. यातल्या 'विस'चा अर्थ 'निश्चित, पक्के'. जे पक्के आहे त्याची जाण ते गणित. आणि हा 'विस' तरी कुठला? जाणणे या अर्थाच्या 'वेतेन' या क्रियापदाच्या घराण्यातला. जे जाणले गेले ते पक्के, असा तो अर्थाचा प्रवास. हे घराणे म्हणजे आपल्या 'विद्' धातूचे, ज्यापासून वेद आणि विद्या. म्हणजे हॉलंडमधल्या पोराच्या गणिताच्या वहीवर जे नाव असते त्यात 'विद्' आणि 'ज्ञा' शेजारी शेजारी बसलेले असतात! हे त्या पोराला ठाऊक नसते, आणि त्याचे काही अडतही नाही. अडते ते निराळ्या ठिकाणी, तिकडे येतोच.

आधी ही शब्द जोडण्याची रीत पाहू. आपल्याला ती परकी वाटायचे कारण नाही, कारण आपण समासांच्या घरातले. डच समासात शेवटचा शब्द धनी आणि आधीचा त्याचा चाकर. 'वातरपुत' म्हणजे पाण्याची विहीर आणि उलटे करून 'पुतवातर' म्हटले की विहिरीचे पाणी. शब्दाचे लिंगही शेवटच्या शब्दावरून ठरते. आपला तत्पुरुष याहून वेगळा काय आहे? युरोपातल्या भाषापंडितांनी तर या प्रकारांना नावे देताना 'तत्पुरुष', 'बहुव्रीहि' हे आपलेच शब्द उसने नेले. जोडाला कुठे 'स' लागतो, कुठे 'एन' लागते. 'आर्दरैक' म्हणजे पृथ्वी, पण भूगोल होताना मधे 'स' येतो: आर्दरैक्सकुंदे. 'स्तेर' म्हणजे तारा, खगोलशास्त्र 'स्तेरेनकुंदे'. हा मधला डिंक कुठे कोणता लावायचा यावरून तिकडे मुलांना जो काही त्रास होतो तो आपल्या ऱ्हस्वदीर्घाच्या तोडीचा आहे.

एकदा किल्ली सापडली की दारे पटापट उघडतात. 'ताल' म्हणजे भाषा, तेव्हा तालकुंदे म्हणजे भाषाशास्त्र. 'दीर' म्हणजे प्राणी. दीरकुंदे म्हणजे प्राणिशास्त्र. (मराठीत तो शब्द उच्चारला की घरात हसे होते, पण इलाज नाही.) 'मेतेन' म्हणजे मोजणे, मेतकुंदे म्हणजे भूमिती. 'बाउ' म्हणजे बांधकाम, बाउकुंदे म्हणजे वास्तुशास्त्र. 'खनेसेन' म्हणजे बरे करणे, त्यावरून खनेसकुंदे, वैद्यक. त्याच्यापुढे प्राणी जोडले की दीरखनेसकुंदे, गुरांच्या डॉक्टरची विद्या. 'हेलेन' म्हणजे जखम सांधणे, त्यावरून हेलकुंदे ही शस्त्रक्रिया. त्याला दात जोडा, तांदहेलकुंदे, दंतवैद्यक. रसायनाला 'स्खैकुंदे' म्हणतात, 'स्खैदेन' म्हणजे वेगळे करणे. पदार्थ वेगळे करून पाहण्याची विद्या. नवराबायको विभक्त होतात तिथेही हेच 'स्खैदेन' उपयोगी पडते, ही गोष्ट रसायनाच्या प्राध्यापकांनी मनावर घेऊ नये.

पण मला सगळ्यांत आवडलेला शब्द 'फरलोसकुंदे'. सुईणीची आणि प्रसूतीच्या डॉक्टरची ही विद्या. 'फरलोसेन' म्हणजे सोडवणे, मुक्त करणे. आपल्याकडे म्हातारी बायामाणसे काय म्हणतात? "बाई सुटली," "सुखरूप मोकळी झाली." एकाने दुसऱ्याचे काही घेतलेले नाही, पण दोन्हीकडच्या आयाबायांनी बाळंतपणाकडे एकाच नजरेने पाहिले. फरक इतकाच, की आपल्याकडे तो शब्द माजघरात राहिला आणि पाटीवर 'प्रसूतिशास्त्र' आले. त्यांच्याकडे माजघरातला शब्दच विद्यापीठाच्या पाटीवर गेला.

आता तो कसा गेला, हा खरा इतिहास. अशा गोष्टी आपोआप होत नाहीत. त्यामागे पुष्कळ लोक होते, पण एका माणसाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सिमॉन स्टेव्हिन. 1548 मध्ये फ्लँडर्समधल्या ब्रूज शहरात जन्मला. तरुणपणी त्याने जमाखर्चाची कामे केली, हिंडला फिरला, आणि पस्तिशीला पोचल्यावर, 1583 मध्ये, लायडनच्या विद्यापीठात नाव घातले. काळ ध्यानात घ्या. स्पेनच्या राजाविरुद्ध डचांचे बंड चालू होते; ते 1568 ते 1648 असे ऐंशी वर्षे चालले. लायडन शहराने 1574 मध्ये स्पॅनिशांचा वेढा सोसला होता आणि दुसऱ्याच वर्षी तिथे विद्यापीठ निघाले होते. दक्षिणेतली शहरे एकेक करून स्पेनच्या हाती जात होती, 1585 मध्ये अँटवर्प पडले, आणि तिकडची शिकलीसवरली माणसे, व्यापारी, छापखानेवाले उत्तरेत येत होते. स्टेव्हिन हा त्या लोंढ्यातलाच.

विद्यापीठातली भाषा अर्थात लॅटिन. सगळ्या युरोपात तीच. विद्या लॅटिनमध्ये आणि व्यवहार आपापल्या बोलीत, ही वाटणी इतकी जुनी होती की तिच्यात काही खटकण्यासारखे आहे असे फार थोड्यांना वाटे. स्टेव्हिनला ते खटकले. 1585 मध्ये त्याने एक छोटेखानी पुस्तक डचमध्ये छापले, नाव 'द तींदे', म्हणजे दशांश. व्यवहारी अपूर्णांकांची कटकट टाळून दशमान पद्धतीने हिशेब कसा करावा हे त्यात सांगितले आहे. दशांशाचा विचार त्याच्या आधी इतरांनीही केला होता. पण युरोपच्या बाजारात तो चालता केला स्टेव्हिनने. हे पुस्तक त्याने अर्पण कोणाला केले? एखाद्या सरदाराला, बिशपला? नव्हे. तारे पाहणारे, जमीन मोजणारे, गालिचे मोजणारे, दारूची पिंपे मोजणारे, टांकसाळीतले अधिकारी आणि व्यापारी यांना! आणि या मोजणाऱ्यांची नावेही पाहा: लांतमेतर, तापैतमेतर, वैनमेतर. एकच 'मेतर', आधी जमीन, गालिचा, दारू. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर समासांची रांग लागली आहे.

पुढच्या वर्षी, 1586 मध्ये, वजन आणि समतोल यांवरचा त्याचा ग्रंथ आला. त्याच वर्षी छापलेल्या मजकुरात त्याचा एक प्रयोगही आहे. जान कोर्नेत्स द खोत या मित्राच्या सोबत त्याने शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दसपट जड, तीस फूट उंचीवरून सोडले, आणि ते खालच्या फळीवर एकदमच आदळल्याचा आवाज आला. ही गॅलिलिओचे त्या विषयावरचे ग्रंथ छापले जाण्याच्या आधीची गोष्ट. पण मला आज सांगायचे आहे ते या ग्रंथाच्या आरंभी जोडलेल्या निबंधाविषयी. त्याचा विषय डच भाषेची थोरवी. विज्ञानाच्या पुस्तकाला भाषेवरची प्रस्तावना! आणि ती लिहिली आहे गणित्याने, तेव्हा त्याने काय केले असेल? मोजले. कोणत्या भाषेत एकावयवी शब्द किती याच्या याद्याच त्याने छापल्या. क्रियापदांची प्रथमपुरुषी रूपे आणि इतर शब्द मिळून डचमध्ये 2170, लॅटिनमध्ये 163 आणि ग्रीकमध्ये 265. नुसती क्रियापदे घेतली तर डच 742 आणि लॅटिन पाच!

हा काय पोरखेळ, असे वाटेल. त्यात थोडा पोरखेळ होताच. त्याच्या थोडे आधी अँटवर्पच्या गोरोपियस बेकानस नावाच्या एका वैद्यबुवांनी असेच आखूड शब्द पुढे करून 1569 मध्ये सिद्ध केले होते की नंदनवनात आदम आणि ईव्ह जी भाषा बोलले ती अँटवर्पचीच! पुढच्या विद्वानांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. स्टेव्हिनवर त्या वाऱ्याचा परिणाम झालेला दिसतो, हे झाकण्यात अर्थ नाही. प्रत्येक स्वभाषाभिमानी चळवळीला असा एखादा आदमवाला भेटतोच. पण स्टेव्हिनच्या मोजणीमागे एक निखळ व्यवहारी मुद्दा होता. विटा लहान असतील तर भिंत हवी तशी रचता येते. मूळ शब्द आखूड असले तर दोनतीन जोडूनही शब्द तोंडात मावतो, आणि ऐकणाऱ्याला त्यातला एकेक भाग ओळखता येतो. लॅटिनला ही जोडणी साधत नाही, ग्रीकला साधते, आणि डचला ग्रीकहूनही चांगली साधते, असे त्याचे म्हणणे.

तो नुसता बोलून थांबला नाही. समांतर रेषांना त्याने 'एवनवैदख' म्हटले: एवन म्हणजे सम, वैद म्हणजे रुंद. जिथे तिथे सारखेच अंतर ठेवून जाणाऱ्या. आपला 'समांतर' याहून निराळा आहे का? सम आणि अंतर! ग्रीकवरून आलेल्या 'पॅरलल' या शब्दाने हॉलंडच्या सुताराला काही कळले नसते. एवनवैदख म्हटल्यावर त्याला फळीच्या दोन कडा दिसल्या. गणिताला त्याने 'विसकोन्स्त' म्हटले, निश्चिताची कला. 'कोन्स्त' हाही कुनेनच्याच कुळातला. पुढे त्या शब्दाचा अर्थ चित्र, संगीत अशा ललितकलांकडे झुकला, तेव्हा त्याच्या जागी कुंदे आले आणि 'विस्कुंदे' झाले. समासाची हीच तर सोय: जोडातला एक भाग जुना झाला की तेवढाच बदलता येतो. त्याचे सगळेच शब्द टिकले असे नाही. बरेच त्याच्याबरोबर गेले. पुस्तकांच्या समासात, म्हणजे कडेच्या कोऱ्या जागेत, तो डच शब्दाचा लॅटिन अर्थ छापत असे. नवे नाणे लोक एकदम घेत नाहीत. जुन्या नाण्यात त्याचा भाव सांगावा लागतो, हे त्या हिशेबनिसाला पक्के ठाऊक होते.

आणि हे सगळे कशासाठी? नुसता अभिमान म्हणून नव्हे. त्याचे खरे उत्तर पुढे 1605 ते 1608 या काळात छापलेल्या मोठ्या ग्रंथात सापडते. हा ग्रंथ त्याने राजपुत्र मौरित्सला दिलेल्या धड्यांतून तयार झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: विद्या पुढे जायची तर पुष्कळ निरीक्षणे लागतात, आणि ती चार पंडितांच्या हातून होत नाहीत. आकाश रोज पाहायचे, समुद्राची भरतीओहोटी टिपायची, तर हजारो डोळे लागतात. ते डोळे खलाशांचे, कारागिरांचे, मोजणीदारांचे. या माणसांना आधी दहा वर्षे लॅटिन शिकवा आणि मग विद्या द्या म्हटले तर ना त्यांना वेळ, ना पैसा. म्हणून विद्येने त्यांच्या भाषेत यायचे. मला या युक्तिवादात सगळ्यांत मोलाचे वाटते ते हे, की मातृभाषेत ज्ञान देणे ही सामान्य माणसावर केलेली कृपा आहे असे तो म्हणत नाही. सामान्य माणसावाचून ज्ञानाचेच अडते, असे तो म्हणतो.

राजपुत्र मौरित्स हा या बंडाचा सेनापती, आणि त्याला लॅटिन पद्यांपेक्षा तटबंदीचे इंजिनिअर हवे होते. म्हणून 1600 मध्ये लायडन विद्यापीठाला लागून एक शाळा निघाली. नावच 'डच गणित'. अभ्यासक्रम स्टेव्हिनने आखला, अंकगणित आणि जमीनमोजणीवर भर दिला, आणि शिकवायचे डचमध्ये, कारण खंदक खणताना इंजिनिअर मजुरांशी लॅटिन बोलत नाहीत. तिथल्या दोन शिक्षकांपैकी एक लुडोल्फ फान क्यूलन. वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी गुणोत्तर ज्याने पस्तीस दशांश स्थळांपर्यंत काढले तोच हा, आणि त्याला लॅटिन येत नव्हते. शेजारच्या विद्यापीठाच्या दारात त्याला प्राध्यापक म्हणून कोणी उभे केले नसते. मला तरी या शाळेची सारी बाजू या एका माणसात दिसते.

याच काळात इतरही लोक कामाला लागले होते. 1584 मध्ये अॅमस्टरडॅमच्या एका साहित्यमंडळाने डचचे पहिले छापील व्याकरण काढले. आणि स्टेव्हिनबरोबर ज्याने गोळे सोडले त्या जान द खोतचा मुलगा म्हणजे थोर कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस. राजकारणात तो हरला आणि 1619 मध्ये त्याला जन्मठेप झाली. किल्ल्यातल्या कोठडीत त्याने हॉलंडच्या कायद्याची ओळख करून देणारा ग्रंथ डचमध्ये लिहिला. 1621 मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून तो पळाला, आपल्याकडच्या पेटाऱ्यांची आठवण व्हावी असा, आणि ग्रंथ 1631 मध्ये छापला गेला. लॅटिनमध्ये लिहून कीर्ती मिळवलेला हा माणूस. पण घरच्यांसाठी लिहिताना घरच्या भाषेत लिहिता झाला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे नुसते पोवाडे होतील. स्टेव्हिनचा तो मोठा डच ग्रंथ छापला जात असतानाच त्याचे लॅटिन भाषांतरही निघाले. ते केले तरुण स्नेलने, जो पुढे प्रकाशाच्या वक्रीभवनाच्या नियमामुळे जगाला माहीत झाला. कारण उघड होते: डच वाचणारे किती? पॅरिस आणि प्राग येथल्या पंडितांना कळायचे तर लॅटिन हवीच. 'द तींदे'चे फ्रेंच रूप तर स्टेव्हिनने स्वतःच त्याच वर्षी काढले. पुढच्या पिढीतला हॉलंडचा सर्वांत मोठा शास्त्रज्ञ हॉयगन्स लिहिता झाला तो लॅटिन आणि फ्रेंचमध्ये. लायडनच्या विद्यापीठातून लॅटिन अधिकृतपणे गेली ती 1876 च्या कायद्याने, स्टेव्हिन जाऊन अडीचशे वर्षे झाल्यावर. म्हणजे शब्द जिंकले, पण दरबार त्यांना फार उशिरा मिळाला.

शिवाय हे शुद्ध शब्द तरी किती शुद्ध? पदार्थविज्ञानाचे 'नातूरकुंदे' घ्या. त्यातला 'नातूर' सरळ लॅटिन. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझियेचे नवे रसायन आले तेव्हा वायूंची नावे बनवावी लागली. ऑक्सिजन झाला 'झूरस्तोफ', आंबट द्रव्य. हायड्रोजन 'वातरस्तोफ', पाण्याचे द्रव्य. नायट्रोजन 'स्तिकस्तोफ', जीव गुदमरवणारे द्रव्य. कार्बन 'कोलस्तोफ', कोळशाचे द्रव्य. फार सुंदर रांग. पण हा 'स्तोफ' आला जुन्या फ्रेंचमधून, आणि नावांचा साचा आला जर्मनीतून! दुसरे असे, की ऑक्सिजनमुळेच आम्ले बनतात ही लाव्हाझियेची समजूत पुढे खोटी ठरली. ग्रीक शब्दात ती चूक झाकली गेली. डच शब्दात ती रोज पोरांच्या तोंडी आहे. पारदर्शक शब्दाचा हाही एक तोटा. सबंध युरोपात गणिताला स्वतःचा शब्द फक्त डचांचा, असेही काही जण अभिमानाने सांगतात. तेही खरे नाही. आइसलंडच्या लोकांचाही आहे.

या द्रव्यांच्या नावांनी पुढे एक लांबचा प्रवास केला. 1641 पासून दोन शतकांहून जास्त काळ जपानने युरोपीयांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना, नागासाकीजवळच्या देजिमा नावाच्या इवल्याशा बेटावर, राहू दिले. जपानी विद्वानांना पाश्चात्त्य विद्येची खिडकी ती एवढीच. 1771 मध्ये सुगिता गेनपाकू आणि त्याचे मित्र एका प्रेताचे विच्छेदन पाहायला गेले, हातात डच भाषेतले शरीररचनेचे पुस्तक. त्यातली चित्रे हुबेहूब जुळली. भाषा जवळजवळ येत नसताना त्यांनी त्याचे भाषांतर करायला घेतले आणि 1774 मध्ये ते छापले. त्या डच पुस्तकाच्या नावात शरीररचनेला 'ओंतलेतकुंदे' म्हटले आहे, अवयव सुटे करण्याची विद्या. शब्द उकलला की अर्थ हाती येतो, असे शब्द अडाणी भाषांतरकाराला किती आधार देत असतील याची कल्पना मला माझ्या वेंगुर्ल्याच्या अनुभवावरून थोडीशी करता येते.

पुढे 1837 पासून उदागावा योआनने रसायनाचा मोठा ग्रंथ काढला, तेव्हा त्याने 'झूरस्तोफ'चे 'सान्सो' केले, आंबट मूलद्रव्य. 'वातरस्तोफ'चे 'सुइसो', पाण्याचे मूलद्रव्य. 'स्तिकस्तोफ'चे 'चिस्सो', गुदमरवणारे. तेच शब्द आजही जपानी शाळांत चालतात. गंमत अशी की खुद्द रसायनशास्त्राला मात्र त्याने 'स्खैकुंदे'वरून शब्द बनवला नाही. डच लोक वापरीत असलेला दुसरा, परका शब्द 'खेमी', त्याचाच उच्चार जपानी अक्षरांत बसवून 'सेइमी' केले. तो 'सेइमी' मागे पडला, 'सुइसो' राहिला.

आणि हॉलंडमध्ये? शाळेत विस्कुंदे, नातूरकुंदे, स्खैकुंदे पक्की रुजलेली आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेतही तीच नावे थोड्या फरकाने चालतात. विद्यापीठात मात्र लॅटिनच्या रिकाम्या खुर्चीवर इंग्रजी येऊन बसली आहे, आणि ती कितपत बसू द्यायची यावर 2023 पासून तिथल्या सरकारात आणि विद्यापीठांत चांगलीच वादावादी झाली. दोन्हीकडचे मुद्दे वाचले तर स्टेव्हिन आणि स्नेल यांची आठवण होते. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात वास्तुविद्येच्या इमारतीला सगळे अजूनही 'बाउकुंदे' म्हणतात. आत पदव्युत्तर वर्गात शिकवतात ते इंग्रजीत.